संस्थास्तरावरील प्रवेशाबद्दलही लिहायला हवे होते

‘मनुष्यबळ व्यवस्थापनासाठी वेगळी शिष्यवृत्ती नाही, त्यामुळे शैक्षणिक कर्जाशिवाय पर्याय नाही,’ हे मनुष्यबळ विषयातील एमबीएवरच्या लेखातील विधान मला मुळीच पटले नाही. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे का आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे सीईटी या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर राज्यस्तरावर फेऱ्यांमधून होणाऱ्या जागावाटपातून, झाला आहे का, हे पाहिले जाते. एमबीएला मनुष्यबळ हा विशेष विषय घेतला म्हणून कोणी अपात्र ठरत नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील पात्र मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते.

खरी मेख प्रवेशाच्या मार्गात आहे. माझ्या भाचीने सीईटी दिली होती, गुणही बरे होते. परंतु ‘फेऱ्यांची वाट कशाला पाहता, जागा जाईल,’ असे एका महाविद्यालयाच्या कार्यालयात सांगितले गेल्याने तिने संस्थास्तरावरील, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते ती, जागा घेतली. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरायला बसल्यावर केंद्रीभूत प्रवेशाचे वाटपपत्र मागितले गेले आणि तेच तिच्याकडे नव्हते. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आधारशी जोडलेले बँक खाते, सारे तयार असूनही पहिल्या वर्षाचे संपूर्ण शुल्क भरण्यासाठी बहिणीला पाटल्या गहाण ठेवाव्या लागल्या. यंदाच्या फेऱ्या सुरू होण्यापूर्वी लेखकाने ही एक अट लेखात ठळकपणे घालावी, ही कळकळीची विनंती.