पोटमाळ्यावरची हत्यारं

जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मॉडेल्सच्या पायांत कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. आम्ही मूळचे कोल्हापूरचे. मी गेली बारा वर्षं स्वित्झर्लंडमध्ये न्यूशातेलला राहतो. धाकटा भाऊ म्हणाला, ही चोरी आहे, खटला भरा. आत्या म्हणाली, निदान त्या निमित्तानं जगाला नाव तरी कळलं. पुढे प्राडानं प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं, मुंबई उच्च न्यायालयानं जनहित याचिका फेटाळली आणि वाद थंडावला. मला मात्र त्या दिवसांत राहून राहून एक पोटमाळा आठवत होता.

तो आहे ल लोक्लमध्ये, आमच्याकडून रेल्वेनं पाऊण तासावर. ज्युराच्या डोंगरातलं हे गाव पूर्वापार घड्याळजींचं. जुन्या इमारतींना ओळीनं मोठ्या खिडक्या, कारण या कामाला दिवसाचा उजेड लागतो. इथं १८६५ साली बावीस वर्षांच्या जॉर्ज फाव्र-जाकोनं कारखाना काढला. तोवर घड्याळाचे भाग वेगवेगळ्या कारागिरांकडे, बरेचदा घरीच बनत. त्यानं ती सगळी कामं एका छताखाली आणली. तीच आजची झेनिथ.

जानेवारी १९६९ मध्ये झेनिथनं ‘एल प्रिमेरो’ हे घड्याळाच्या आतलं यंत्र जगापुढे आणलं. मनगटाच्या हालचालीनं आपोआप चावी बसणारं, स्टॉपवॉच असलेलं आणि तासाला ३६,००० ठोके देणारं. म्हणजे सेकंदाला दहा, म्हणून सेकंदाचा दहावा भाग मोजता येतो. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जपानच्या सायकोनं बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ घड्याळ विकायला काढलं आणि पुढच्या काही वर्षांत या खोऱ्याचं कंबरडं मोडलं. झेनिथ तेव्हा शिकागोच्या एका कंपनीच्या ताब्यात होती. १९७५ साली तिकडून हुकूम आला: यांत्रिक घड्याळं बंद करा, अवजारं भंगारात काढा.

शार्ल व्हेर्मो हा तिथला एका विभागाचा प्रमुख. त्यानं वरिष्ठांना कळवलं की कामाचा काही भाग तरी चालू ठेवा. नकार आला. मग त्यानं संध्याकाळनंतर एकेक वस्तू पोटमाळ्यावर नेऊन लपवायला सुरुवात केली. सुमारे दीडशे प्रेस, शिवाय कॅम, कटर, आराखडे. प्रत्येक अवजाराला चिठ्ठी बांधली आणि कोणत्या कामानंतर कोणतं काम करायचं ते लिहून ठेवलं. १९८४ मध्ये एल प्रिमेरो पुन्हा बनवायचं ठरलं तेव्हा हे सगळं खाली आलं. १९८८ पासून २००० पर्यंत रोलेक्सच्या ‘डेटोना’ या घड्याळात याच यंत्रावर आधारलेलं यंत्र धडधडत होतं.

मी तो पोटमाळा पाहिलाय. लाकडी फळ्या, जुन्या तेलाचा वास, चिठ्ठ्या लावलेले लोखंडाचे तुकडे. आपण ज्याला वारसा म्हणतो तो इतका जड, इतका ओबडधोबड असतो हे मला तिथं पहिल्यांदा समजलं.

आपल्याकडे वाद झाला तो नावाचा. नाव महत्त्वाचं आहेच. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी. स्विससुद्धा नावाला फार जपतात. ‘स्विस मेड’ लिहायचं तर घड्याळाच्या उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग देशातच झालेला हवा. पण व्हेर्मोनं नाव नाही लपवलं. त्यानं लपवली ती करण्याची ताकद. म्हणून तर २०१७ मध्ये त्याच कारखान्यातून सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारं एल प्रिमेरो निघालं, आणि त्याच वर्षी घड्याळाचे ठोके सांभाळणाऱ्या, साडेतीनशे वर्षं चालत आलेल्या चक्र-स्प्रिंगच्या जागी सिलिकॉनचा एकच पातळ तुकडा बसवलेलं घड्याळही. ‘परंपरा की नवता’ हा घरी ऐकलेला प्रश्नच मला तिथं चुकीचा वाटला. हातात जुनं असल्याशिवाय नवं करणार कशातून?

इथं सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. १९७० मध्ये या धंद्यात सुमारे ९०,००० माणसं होती, ऐंशीच्या दशकाच्या मध्याला तीस-एक हजार उरली. झेनिथही १९९९ पासून पॅरिसच्या एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तूंच्या समूहाची आहे.

तरीही एक गोष्ट मनाला लागते. आमच्या शेजारची मुलगी शाळा संपवून घड्याळजीचं काम शिकतेय. चार वर्षांचा अभ्यासक्रम, शेवटी केंद्र सरकारचं प्रमाणपत्र, शिकतानाही पगार. तिचे आईवडील हे अभिमानानं सांगतात. कोल्हापुरात कातडं कमावण्याचं आणि चप्पल शिवण्याचं काम पिढ्यान् पिढ्या एका समाजावर लादलं गेलं, त्या कामाचा विटाळ मानला गेला. त्या घरातली मुलं शिकून बाहेर पडली तर मला आनंदच आहे. आपल्या अभिमानासाठी त्यांनी कातडं कापायची रापी धरून बसावं, असं म्हणायचा अधिकार मला नाही, भावाला नाही, ग्रुपवरच्या कुणालाच नाही. हे काम कुठल्याही घरातल्या मुलीला शिकावंसं वाटेल असा पगार आणि असा मान त्याला मिळाला, तरच ते टिकावं.

गेल्या महिन्यात मी आमच्या ओळखीच्या एका वयस्कर कारागीरकाकांना फोन केला. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, खिळा न मारता वादीनं शिवलेली चप्पल. माझ्या आजोबांच्या पायांत त्यांच्याच हातची असायची. त्यांचा मुलगा पुण्यात अभियंता आहे. मी विचारलं, ‘काका, तुमची रापी, आरी, नमुने पुढं कुणाला देणार?’

‘आजवर कुणी मागितलंच नाही बाळा,’ ते म्हणाले.

दिवाळीत मी जातोय. कापशी या कोल्हापुरीच्या प्रकाराचे कान कसे कापायचे ते दाखवायला त्यांनी होकार दिलाय. एकेका हत्याराला चिठ्ठी बांधून, एका कामानंतर कोणतं काम ते सगळं मी लिहून घेणार आहे.