स्नायूंचं दुखणं लॅक्टिक आम्लाच्या माथी का मारता?

‘व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते स्नायूंत साचलेल्या लॅक्टिक आम्लामुळे. हा टाकाऊ पदार्थ चोळून आणि भरपूर पाणी पिऊन बाहेर काढा.’ हा सल्ला सगळीकडे फिरतोय. त्यातला जवळपास प्रत्येक शब्द चुकलाय.

‘साचलेल्या’: जीव तोडून पळाल्यावर रक्तातलं लॅक्टेट (लॅक्टिक आम्लातून हायड्रोजन आयन सुटल्यावर उरतं ते रूप) लिटरमागे १ मिलिमोलवरून १५-२० पर्यंत चढतं, हे खरं. पण तासाभरात ते बहुतांशी उतरतं. दुखणं शिगेला पोचतं २४ ते ७२ तासांनी. उतारावर पळताना लॅक्टेट कमी बनतं, तरी दुखतं जास्त. ताणले जात असतानाच जोर लावणाऱ्या तंतूंना तिथे बारीक इजा होते.

‘आम्ल’: लॅक्टिक आम्लाचा पीकेए, म्हणजे ज्या सामूला (पीएच) त्याचे निम्मे रेणू आम्लरूपात असतात तो आकडा, ३.८६. पार थकलेल्या स्नायूचा सामूसुद्धा साधारण ६.५ असतो. म्हणजे हजारातले दोन-तीन रेणूच आम्लरूपात, बाकी सगळं लॅक्टेट.

‘टाकाऊ’: इथे खरी गफलत आहे. ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे ग्लुकोज फोडून ऊर्जा काढणाऱ्या साखळीच्या, सहाव्या पायरीला एनएडी+ हा हायड्रोजन वाहून नेणारा रेणू लागतो आणि त्याचा एनएडीएच होतो. पेशीतला साठा तुटपुंजा; तो परत मोकळा झाला नाही तर मागची सगळी साखळी तुंबते आणि एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, बनणं बंद. लॅक्टेट डिहायड्रोजनेज (एलडीएच) हे एंझाइम या साखळीच्या शेवटी तयार होणाऱ्या पायरुवेटवर हायड्रोजन चढवून लॅक्टेट करतं आणि एनएडी+ सोडवतं. त्यात आम्लता वाढवणारा एक हायड्रोजन आयन खर्चच होतो, म्हणजे आम्लतेला उलट लगामच. पुढे हृदय हे लॅक्टेट इंधन म्हणून जाळतं, तर यकृत दोन लॅक्टेटपासून एक ग्लुकोज बनवतं. त्याला ६ एटीपी मोजावे लागतात. स्नायूला त्याच ग्लुकोजमधून २ मिळाले होते. सगळीकडे एंझाइम तेच, एलडीएच; पायरुवेटचं लॅक्टेट करायचं की उलट, ही दिशा ठरते ती कुठे काय किती आहे यावर.

‘पाणी पिऊन’: लघवीवाटे लॅक्टेट नगण्य जातं. लवकर उतरवायचंच असेल तर पडून न राहता हळू चालत राहा, म्हणजे स्नायूच ते जाळतील.

आणि ज्यांच्यात एलडीएचचं स्नायूतलं ‘एम’ उपएकक (एंझाइम ज्यांचं बनतं त्यातला एक घटक) जन्मतःच नसतं त्यांचं काय? असा दोष १९८० मध्ये जपानमध्ये नोंदवला गेला. अशा रुग्णाला मूठ आवळायचा व्यायाम देऊन रक्त तपासलं तर पायरुवेट उसळतं, लॅक्टेट जेमतेम हलतं. तरीही जास्त श्रमांनी त्याचे स्नायू आखडतात, दुखतात आणि लघवी मायोग्लोबिनमुळे (इजा झालेल्या स्नायूंतून सुटणाऱ्या प्रथिनामुळे) तपकिरी होऊ शकते.