"जुना मॅग्नेट कापा आणि विका" म्हणणाऱ्या पोस्टला उत्तर

कॉलेज आणि लॅबच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय, तुमच्याकडेही आली असेल. तिचं म्हणणं असं, की एनएमआरचा (न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स, रेणूंची रचना शोधायचं लॅबमधलं मशीन) जुना सुपरकंडक्टिंग मॅग्नेट, म्हणजे अतिथंड केल्यावर विजेला अडथळाच न राहणाऱ्या तारेचा चुंबक, हा भंगारातला खजिना. मेन स्विच बंद केला की तो मेला, हीलियम उडालं तर उडू द्या, गॅस कटर लावा, आतलं तांबं आणि नायोबियम हा महाग धातू विकून लाखो मिळवा, फक्त 'न्यूक्लिअर' मशीन आहे तेव्हा रेडिएशन सांभाळा, नाहीतरी जुना मॅग्नेट कोणाच्याच कामाचा नसतो. जिथं जीव जाऊ शकतो तिथं बिनधास्त आणि जिथं काहीच नाही तिथं भीती! बऱ्याच ठिकाणचे ३००-४०० मेगाहर्ट्झचे (एनएमआर मॅग्नेटची ताकद अशी सांगतात) मॅग्नेट आता निकालात निघायला आलेत, म्हणून हे लिहितोय.

पहिलं म्हणजे स्विच. अहो, त्या मॅग्नेटला स्विचच नसतो. भिंतीतल्या प्लगवर चालतो तो कन्सोल आणि कॉम्प्युटर, मॅग्नेटमधला करंट एकदा चढवला की लिक्विड हीलियमने ४.२ केल्विनला (उणे २६९ अंश सेल्सिअस) थंड ठेवलेल्या कॉइलमध्ये विजेशिवाय वर्षानुवर्षं फिरत राहतो. ४०० मेगाहर्ट्झ म्हणजे ९.४ टेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक), बिल्डिंगची लाईट गेली तरी ९.४ टेस्लाच. एमआरआयचंही तेच. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर हॉस्पिटलात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला माणूस आत ओढला जाऊन मरण पावला, आणि मशीन बंद आहे असं त्याला सांगितलं होतं असं घरच्यांनी तेव्हा सांगितलं. इतकं होऊनही कोणी 'स्विच बंद केला की झालं' असं लिहून पाठवतं याचा मला खरंच राग येतो.

मॅग्नेट उतरवायची, म्हणजे त्यातला करंट काढून घ्यायची, रीत वेगळी असते. आधी उलट हीलियम भरून घ्यायचं, कारण करंट उतरवताना लीडमधून (करंट नेणाऱ्या जाड तारांमधून) उष्णता आत जाते आणि हीलियम भराभर उडतं, मग चार्जिंग रॉड (कॉइलला बाहेरच्या पॉवर सप्लायशी जोडणारी दांडी) आत घालून पॉवर सप्लायने हळूहळू करंट शून्यावर आणायचा. हे ज्यांना येतं त्यांनीच करायचं.

आता "उडू द्या". एक लिटर लिक्विड हीलियमचा खोलीच्या तापमानाला साधारण ७५० लिटर गॅस होतो, बाहेरच्या कप्प्यात असलेल्या लिक्विड नायट्रोजनचा ७०० च्या जवळपास. करंट न उतरवता मॅग्नेट गरम होऊ दिला तर क्वेंच होतो, म्हणजे कॉइलमधली सगळी ऊर्जा एकदम उष्णता होऊन बाहेर येते आणि उरलेलं हीलियम काही मिनिटांत खोलीत, हवेतला ऑक्सिजन कमी होतो, वास नाही, रंग नाही, माणूस नुसता कोसळतो. आणि याहून फसवं म्हणजे 'उडून गेलंय, रिकामा आहे' असं समजून नेक (हीलियम भरायची वरची नळी) उघडी टाकलेला मॅग्नेट. आतला भाग अजून थंडगार असतो (कॉइल ज्यात असते तो क्रायोस्टॅट म्हणजे मोठा थर्मासच), बाहेरची दमट हवा आत शिरते, नेकमध्ये गोठते, बर्फाचं बूच बसतं आणि खाली उरलेल्या लिक्विडचा गॅस कोंडतो. कोंडलेला गॅस काय करतो ते टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीत जानेवारी २००६ मध्ये दिसलं, लिक्विड नायट्रोजनच्या जुन्या टाकीचे प्रेशर रिलीफ (जास्तीचा दाब बाहेर सोडणारे भाग) काढून तिथं मेटलचे प्लग बसवलेले होते, टाकी फुटली आणि छत फोडून वर गेली. पहाटेची वेळ होती म्हणून माणसं वाचली. तेव्हा व्हेंटवर (गॅस बाहेर जायच्या वाटेवर) नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे गॅस बाहेर जाईल पण हवा आत येणार नाही, खोलीत ऑक्सिजन मॉनिटर, आणि पूर्ण गरम झाल्याशिवाय कटर जवळ आणायचा नाही, त्याला कितीही दिवस लागोत.

शिवाय भारत जवळजवळ सगळं हीलियम बाहेरून आणतो आणि हवेत गेलेलं परत मिळत नाही. जवळच्या संस्थेत लिक्विफायर (हीलियम गॅसचं परत लिक्विड करणारं यंत्र) असेल, जसा मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत आहे, तर उडणारा गॅस गोळा करून तिकडे देता येईल का हे आधीच विचारायला हवं.

खजिन्याचं बोलायचं तर बाहेरचं ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील सहज विकलं जातं. पण कॉइलची तार म्हणजे तांब्यात बसवलेल्या नायोबियम-टायटॅनियमच्या केसाहून बारीक तंतूंची, वरून बऱ्याचदा इपॉक्सीत घट्ट केलेली. भंगारवाला ती वेगळी करू शकत नाही, तो जाळतो, आणि तो धूर तिथं काम करणारी पोरं पितात. जॉइंटमध्ये शिसं-बिस्मथचं सोल्डर असतं, काही ठिकाणी वुड्स मेटल हा लवकर वितळणारा मिश्रधातू, त्यात विषारी कॅडमियम. कॉइल धातूंच्या रिसायकलरकडे आणि कन्सोल नोंदणीकृत ई-वेस्टवाल्याकडे जायला हवं.

रेडिएशनचं एका वाक्यात, नावातलं 'न्यूक्लिअर' म्हणजे अणूचं केंद्रक, एनएमआर मॅग्नेटमध्ये कुठलाही किरणोत्सारी सोर्स नसतो. २०१० साली दिल्लीत मायापुरीच्या भंगारात निघालं ते किरणोत्सारी कोबाल्ट-६० दिल्ली युनिव्हर्सिटीच्या गॅमा इरॅडिएटरमधलं (गॅमा किरणांचा मारा करणाऱ्या मशीनमधलं) होतं, ते मशीनच वेगळं. ॲक्सिलरेटरमधल्या (कणांना वेग देणाऱ्या यंत्रातल्या) मॅग्नेटची तपासणी मात्र करावीच लागते.

आणि जुना मॅग्नेट कोणाच्याच कामाचा नसतो? युरोपातल्या सर्न या संशोधन केंद्राच्या आयसोल्डे प्रयोगशाळेत ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनहून आणलेला ४ टेस्लाचा जुना एमआरआय मॅग्नेट आज न्यूक्लिअर फिजिक्सच्या प्रयोगात वापरतात. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन लॅबची १५ मीटर रुंद म्युऑन रिंग (म्युऑन नावाचे कण फिरवायचा गोल सुपरकंडक्टिंग मॅग्नेट) २०१३ मध्ये बार्जने आणि ट्रकने शिकागोजवळच्या फर्मीलॅब या प्रयोगशाळेत नेली, कॉइल न कापता, आणि तिच्यावरचे निकाल २०२१ पासून आले. आपल्याकडे लिलावाची नोटीस काढण्याआधी दहा डिपार्टमेंटांना एक मेल तरी टाका. कोणी घेणार असेल तर हलवण्याआधी कॉइलला ट्रान्झिट सपोर्ट (प्रवासात ती हलू नये म्हणून लावायचे आधार) लावून घ्या. आणि चार्जिंग रॉड, पॉवर सप्लाय, करंटची नोंद असलेली फाईल आधी भंगारात देऊ नका, ती गेली की मॅग्नेट नीट उतरवणंच अवघड होऊन बसतं.