आमच्या ब्रॅडफर्डहून

सांगलीच्या आमच्या जुन्या नाटकवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले दहा दिवस एकच वाद पेटलाय. यंदाच्या एकांकिका स्पर्धेला जोडून लघुपटांचीही स्पर्धा घ्यावी, असं तिथल्या काही मुलांनी सुचवलं. त्यावर एका ज्येष्ठाने लिहिलं, ‘मोबाइलवर काढलेल्याला सिनेमा म्हणायचं का? हौशी लोकांना पडदा देऊ नका, आधीच सुळसुळाट झालाय.’ खाली 15 अंगठे.

अंगठे देणारे सगळे स्वतः हौशी रंगभूमीवर वाढलेले. तालमीला ऑफिसमधून परस्पर येणारे, घरच्या साड्यांचे पडदे करणारे. राज्य नाट्य स्पर्धेच्या नावातच ‘हौशी’ आहे आणि तिथे त्या शब्दाचा आम्हाला अभिमान आहे. तोच शब्द सिनेमाला लावला की शिवी कशी होते?

मी इथे इंग्लंडमध्ये दर मंगळवारी हौशी फिल्म करणाऱ्यांच्या क्लबला जातो. सहा वर्षं झाली. ब्रॅडफर्डच्या जवळच्या एका गावात चर्च हॉलच्या मागच्या खोलीत आम्ही 14 जण जमतो: एक निवृत्त बस ड्रायव्हर, दोन शिक्षिका, एक प्लंबर, बाकी पेन्शनर. सुरुवातीला चहा, मग कोणीतरी केलेली फिल्म, आणि मग तिची चिरफाड. ही चिरफाडच मला तिकडे ओढून नेते. कॅमेरा का हलला, हा शॉट दोन सेकंद आधी का तोडला नाही, असं तोंडावर विचारतात आणि विचारणाऱ्यानेही आपली फिल्म पुढच्या महिन्यात दाखवायची असते. ग्रुपवर अंगठा देणं फार सोपं आहे.

ही शिस्त आज आलेली नाही. सिनेमाची मूळ 35 मिलिमीटरची फिल्म नायट्रेटची, भप्पकन पेट घेणारी. ती घरात कोण ठेवणार? 1922 मध्ये फ्रान्सच्या पाथे कंपनीची 9.5 मिलिमीटरची पट्टी आली, मधोमध छिद्रं असलेली, आणि 1923 मध्ये कोडॅकची 16 मिलिमीटरची. दोन्ही सहज पेट न घेणाऱ्या. तिथून सामान्य माणसाचा सिनेमा सुरू झाला. पण 16 मिलिमीटरचं 100 फुटांचं रीळ मूकपटाच्या वेगाने जेमतेम चार मिनिटं चालायचं आणि बहुधा निगेटिव्ह नसायचीच. कॅमेऱ्यातून गेलेली पट्टीच धुऊन पडद्यावर लावायची. ती चुकीच्या जागी कापली, ओरखडा पडला, तर दुसरी प्रत नाही. फिल्म इतकी मंद की घरातला उजेड पुरायचा नाही. एकट्यादुकट्याचं हे कामच नव्हतं. म्हणून क्लब झाले: वर्गणी काढून कॅमेरा, एक जण पटकथा लिहिणार, एक पाट्या रंगवणार, कोणीतरी हातात गोंद घेऊन जोड लावत बसणार. आमच्या नाटकाच्या ग्रुपसारखंच, अगदी तसंच!

1926 मध्ये अमेरिकेत हायरम पर्सी मॅक्सिम यांनी हौशी सिनेमावाल्यांची संघटना उभी केली, 1932 मध्ये ब्रिटनमध्ये तशी संस्था निघाली, आणि त्याच वर्षी ब्रॅडफर्डचा क्लबही. तो अजून चालू आहे. 1934 पासून एक मासिक निघू लागलं. ते पुढे दरवर्षी 10 उत्तम हौशी फिल्मा निवडायचं आणि त्या क्लबा-क्लबांतून दाखवल्या जायच्या. ग्लासगोच्या हौशी महोत्सवात माहितीपटवाले जॉन ग्रिअर्सन परीक्षक होते. त्यांनी कला महाविद्यालयातल्या नॉर्मन मॅक्लॅरेन नावाच्या पोराचं काम पाहिलं आणि त्याला सरकारी फिल्म युनिटमध्ये घेतलं. पुढे त्याला ऑस्कर मिळालं. ग्रिअर्सननी ‘सुळसुळाट झालाय’ म्हटलं असतं तर?

हे मी ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं, ‘त्यांच्याकडे पैसे होते, आपल्याकडे नव्हते.’ हे मला मान्य आहे. 1930 च्या दशकातले ते क्लबवाले बहुतेक खाऊनपिऊन सुखी होते, गिरणीतल्या मजुराच्या हातात कॅमेरा नव्हता. पण आज तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. मग आता अडलंय कुठे?

आणि आपल्याकडे परंपरा नाही हेही खोटं. 7 जुलै 1896 ला मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या सिनेमाचा खेळ झाला. तो पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, वेडावले. फोटोग्राफीचा व्यवसाय करणारा माणूस. त्यांनी 21 गिनी मोजून ब्रॅडफर्डच्या राइली ब्रदर्सकडून कॅमेरा मागवला आणि 1899 मध्ये हँगिंग गार्डनला कुस्ती चित्रित केली. फिल्म धुवायला लंडनला पाठवली. कोणी शिकवलं होतं त्यांना? फाळक्यांनी कुंडीतल्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून पट्टी केली, तीही घरीच. मराठी सिनेमा जन्मला तो हौशी माणसांच्या हातून.

मी लिहिलं होतं, ‘सावेदादांचा कॅमेरा आमच्या ब्रॅडफर्डहून गेला होता.’ लगेच एकाने पकडलं: ‘आमच्या? तुम्ही सांगलीचे ना?’

त्याला उत्तर दिलं नाही. दोन दिवस झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही.

सहा वर्षांत मी नऊ फिल्मा केल्या. सगळ्या सांगलीच्या. कृष्णेचा घाट, आईचं स्वयंपाकघर, आमच्या वाड्याचा उतरवलेला दरवाजा. तीन आठवड्यांच्या रजेत शूटिंग आणि मग वर्षभर इथे एडिटिंग. क्लबातली एक 84 वर्षांची बाई मला एकदा म्हणाली, ‘चित्रं सुंदर आहेत, पण ही तू कोणाला दाखवतोयस ते कळत नाही.’ तिचं बरोबर होतं. यातली एकही फिल्म मी सांगलीच्या ग्रुपवर टाकलेली नाही. त्या 15 अंगठ्यांची मला भीती वाटते.

आणि एक गोष्ट कबूल करायची आहे. 1998 साली आमच्यातल्या एकाने लग्नाची शूटिंग करणाऱ्याकडून व्हिडिओ कॅमेरा भाड्याने आणून हरिपूरच्या संगमावर 20 मिनिटांची फिल्म केली होती. माझ्याच घरी सगळ्यांनी ती टीव्हीवर पाहिली. संपल्यावर मी म्हणालो, ‘यापेक्षा लग्नाची कॅसेट बरी.’ सगळे हसले. त्याने पुन्हा कॅमेरा हातात घेतला नाही. ‘हौशी’ ही शिवी त्या रात्री मीच दिली होती, आणि तीन वर्षांनी विमानात बसलो. आज इकडे बसून मी त्याच लोकांना हौशी माणसाचा मान ठेवा म्हणून सांगतोय.

तो ग्रुपवर आहे. या वादात एक अक्षर बोललेला नाही, निळ्या खुणा मात्र दिसतात. काल रात्री त्याला वेगळा मेसेज केला: ‘संगमावरची कॅसेट आहे का अजून?’ सकाळी उठलो तर उत्तर आलेलं. ‘आहे. माळ्यावर. पण लावायला मशीन नाही.’

आमच्या क्लबच्या कपाटात दोन व्हीसीआर आहेत, दोन्ही चालू. जानेवारीत जायचंय. मंगळवारी सेक्रेटरीला विचारतो, एक महिनाभर नेऊ का म्हणून.