धागा ओढू नका, प्लीज!

जाळीच्या विणीची शाल करायला घेतली की दोन गोष्टी लागतात. एक लाइफलाइन, म्हणजे चुकलं तर उसवणं थांबवायला टाक्यांमधून ओवून ठेवलेला दोरा, आणि दुसरी, मदतीला धावून येणाऱ्या लोकांपासून ती वाचवायची चिकाटी. पहिली दादरला क्रोशाच्या दोऱ्याच्या रिळात मिळते.

शाल नणंदेसाठी आहे, ती दिल्लीला असते. मुंबईत कोण घालणार, सांताक्रूझला पारा ७.४ वर उतरला तो जानेवारी १९६२ मध्ये, त्यामुळे इथे लोकर म्हणजे निव्वळ हौस.

तर जाळीत कुठे दोरा पुढे घेऊन टाका वाढवायचा, कुठे दोन टाके एकत्र विणायचे, तेव्हा कुठे नक्षी दिसते. साध्या सुलट-उलट विणीत टाका निसटला तर क्रोशाच्या सुईने वर आणता येतो, जाळीत निसटला की खालचे वाढवलेले टाकेही विरघळतात आणि उसवायला जावं तर सुईवर परत किती टाके घ्यायचे तेच कळत नाही. म्हणून नक्षीचा एक भाग झाला की मागच्या बाजूच्या साध्या उलट ओळीला बोथट सुईत वेगळ्या रंगाचा, गुळगुळीत दोरा ओवायचा आणि सुईवरच्या सगळ्या टाक्यांमधून काढायचा. फक्त टाक्यांमधून हं, मार्करमधून, म्हणजे खुणेसाठी सुईवर अडकवलेल्या कडीतून नाही, नाहीतर तो मार्कर तिथेच जन्मठेप भोगतो. दोन्हीकडे वीतभर शेपूट सोडायचं. मग काही बिघडलं तर सुई काढून बिनधास्त उसवा, उसवणं त्या दोऱ्यापाशी थांबतं.

माझी लोकर शेवाळी, दोरा केशरी. लांबून दिसावा म्हणूनच केशरी, आणि तिथेच सगळी गोची.

संध्याकाळची लोकल, लेडीज डबा. समोर मटार सोलणाऱ्या काकू, ज्या १९९२ ला लेडीज स्पेशल सुरू झाली तेव्हापासून याच खिडकीत बसतेय असं सांगतात आणि मला ते खोटं वाटत नाही. "अगं, तुझा धागा निघालाय!" म्हणत त्यांनी कुणाच्या ब्लाउजवरचा केस उचलावा तितक्या मायेने शेपूट चिमटीत धरलं. मी "काकू नको, नको" म्हणेपर्यंत अंधेरी आलं, उतरणाऱ्यांचा लोंढा आमच्या मधून गेला आणि लोंढा सरला तेव्हा दोरा काकूंच्या बोटाला नीट गुंडाळलेला होता. "घे, बटण लावायला होईल."

आता दुःख असं की दोरा निघाला म्हणून शालीला काहीच होत नाही. एक टाकासुद्धा हलत नाही. "बघ, झालं का काही?" काकू म्हणाल्या आणि अख्ख्या डब्याने माझ्याकडे बघितलं, म्हणजे आकांडतांडव करणारी मीच. गोरेगावला कुणाची तरी बॅग सुईत अडकली आणि टाके धडाधड घरंगळले तेव्हा मात्र सगळ्या आपापल्या मोबाईलमध्ये होत्या. घरी येऊन बारीक सुईने खालच्या एका ओळीतल्या प्रत्येक टाक्याचा उजवा पाय उचलत बसले, रात्री जेवण बाहेरून मागवलं.

"त्यापेक्षा चुकूच नको ना," इति नवरा. हा माणूस एकाच फाईलच्या फायनल, फायनल-२ आणि एकदम फायनल अशा कॉप्या ठेवतो. तरी त्याचा डेंटल फ्लॉस लाइफलाइनला छान चालतो, पातळ आणि चिवट, फक्त शालीला पुदिन्याचा वास येतो. सासूबाई वेगळ्याच, त्या थेट कात्री घेऊन येतात. "अगं किती दोरे लोंबतायत, नणंदेला असं देणार?"

शेवटी दोन्ही शेपटांना एकेक जाडसर लाकडी मणी गाठ मारून बांधला, ओढला तरी दोरा निघणार नाही. त्या दिवसापासून कुणी हात लावलेला नाही. काकूंनी मणी कुठे मिळाले विचारलं, सासूबाईंनी शाल उलटसुलट करून बघितली आणि म्हणाल्या, "हे छान केलंस, आता पूर्ण झाल्यावर हे मात्र काढू नकोस हं, मी तिला फोनवर सांगून ठेवलंय."