पळसाखाली सावली नसते

वसंतात सहकुटुंब सायकलवर फुलं बघत हिंडायचं, ही कल्पना ज्याने काढली त्याच्या गावात मार्च महिना थंड असणार. आपल्याकडे सावर आणि पळस आधी पानं गाळतात, मग फुलतात. पांगाऱ्याचीही तीच तऱ्हा. पळसाला पानं तीन म्हणतात. ऐन फुलोऱ्यात तीही नसतात. म्हणजे जिथे फूल तिथे सावली नाही, आणि जिथे सावली तिथे कुणी फोटो काढत नाही. सहलीचं मुख्य दुखणं हे. बाकीची दुखणी सायकलींची.

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा. पण सावर पंचांग बघत नाही, ती माघ-फाल्गुनातच फुलून मोकळी होते. गुढीपाडव्याच्या सुट्टीत जाऊ म्हणणाऱ्या कुटुंबाला सावरीची बोंडं बघायला मिळतात. पुण्याच्या माणसाने फेब्रुवारीअखेर ते मार्चचा पहिला पंधरवडा धरावा आणि मुळशीची बाजू गाठावी. चांदणी चौकापासून पायडल मारण्याचा हट्ट मात्र धरू नये. तो चढ, मग पिरंगुटचा घाट, आणि मागून हॉर्न देणारे डंपर, यात कुठलंही फूल बसत नाही. सायकली छोटा हत्ती टेम्पोत आडव्या न टाकता उभ्या बांधाव्यात (आडवी टाकली की मागच्या गिअरचा डिरेलर, म्हणजे साखळी सरकवणारा भाग, हमखास वाकतो), पौडच्या पुढे उतरवाव्यात आणि हमरस्ता सोडून गावाकडचा फाटा धरावा.

सायकली दिवाळीपासून पार्किंगमध्ये उभ्या असतात, हे सगळ्यांना आदल्या रात्री आठवतं. हवा भरायला जावं तर घरात तीन तऱ्हेचे व्हॉल्व्ह. आजोबांच्या काळ्या सायकलीला जुना, वॉलट्यूबवाला. ती रबरी नळी नुसत्या उभ्या सायकलीतही कुजते, आणि मग कितीही पंप मारा, सकाळी चाक बसलेलंच. दोन रुपयांच्या वस्तूपायी मोठ्यांचा मूड जातो, म्हणून बोटभर नळी खिशात ठेवावी. मुलांच्या सायकलीला मोटारीसारखा जाड व्हॉल्व्ह, तो पेट्रोल पंपावरही चालतो. आणि कुणीतरी हौसेने घेतलेल्या महागड्या सायकलीला तिसराच, बारीक, ज्याची चकती आधी सैल करावी लागते. 26 इंची जाड टायरला साधारण 40 ते 50 पीएसआय दाबाची हवा पुरे. खरा आकडा टायरच्या कडेवरच लिहिलेला असतो, पण कडा वाचण्याची आपल्याकडे पद्धत नाही. सीटचं माप सोपं: पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा सरळ व्हावा. बहुतेक घरांत तो हनुवटीला लागतो.

सूर्य पावणेसातच्या सुमाराला उगवतो, दहाला ऊन चावायला लागतं. हातात तीन तास. माणशी दोन लिटर पाणी घ्यावं आणि अंतर सगळ्यात धाकट्यावर ठरवावं. त्याचं 20 इंची चाक एका फेरीत दीड मीटर जातं, बापाचं 26 इंची दोन मीटर. बाप उगाच पुढे जाऊन ‘चला, चला’ करत असतो. हा प्रश्न जिद्दीचा नसून परिघाचा आहे.

आता फुलं. सावरीचं फूल मांसल, पाच पाकळ्यांचं, वजनदार. झाडाखाली त्यांचा खच पडतो आणि चिरडलं की बुळबुळीत होतं. त्या लाल गालिच्यावरून जाण्याचा मोह मुलांना होतो आणि वळणावर पुढचा ब्रेक दाबला की चाक निसटतं. तिथे ब्रेक न लावता सरळ जावं, नाहीतर उतरावं. पळसाला वास नाही, तरी प्रत्येक जण नाकाला लावून बघतोच. आणि दूरवर लालभडक दिसणारं जे झाड सगळे अर्धा तास कॅमेऱ्यात घेतात, ते पुष्कळदा कुसुंब निघतं: ती फुलं नसून कोवळी पालवी असते. मला विचाराल तर ती पळसाहून देखणी असते, पण हे तिथे बोलू नये.

डबा उघडायला मोहोरलेला आंबा निवडू नका. तुडतुडे पडले असतील तर वरून चिकट गोड थेंब गळतात आणि धपाटे, चादर, चष्मा, सगळ्याला पाक चढतो. जांभळाखाली बसा. त्याला बघण्यासारखं काही नसतं, पण पानं असतात.

बाभळीचा काटा परतताना लागतो. ट्यूबला ठिगळ लावण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवून काटा शोधावा. तो तिथेच राहिला तर शंभर पावलांवर दुसरं भोक ठरलेलं. पॉलिश पेपरने ट्यूब घासावी, सोल्युशन पातळ लावावं आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत पाच मिनिटं थांबावं. ठिगळ टिकत नाही ते या पाच मिनिटांपायी, कारण भोवती उभे असलेले सगळे सल्ला देत असतात. सोल्युशनची ट्यूब गेल्या वर्षी उघडलेली असेल तर ती दगड झालेली असते, हे घरीच दाबून बघावं.

जाताना पश्चिमेकडे जावं म्हणजे येताना वारा पाठीशी मिळतो, हे अगदी खरं आहे. फक्त हा वारा सुटतो दुपारनंतर, आणि टेम्पोवाल्याला फोन गेलेला असतो साडेदहालाच.