‘रेन’मध्ये आय कशाला?

सांगलीजवळच्या आमच्या मराठी शाळेत पाचवीला इंग्रजी सुरू झालं. सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, “आर-ए-आय-एन रेन, रेन म्हणजे पाऊस.” चुकलं की दहा वेळा लिहायचं. त्यात ‘आय’ कशाला, हे विचारता येतं हेच ठाऊक नव्हतं.

आता मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते. (या नावाचं स्पेलिंग अगदी वाचण्याच्या ‘रीडिंग’चंच.) सहा वर्षांच्या लेकीला शाळेत दीर्घ स्वर जोड्याजोड्यांनी शिकवतात. ‘ए-आय’ बहुधा शब्दाच्या पोटात: रेन, ट्रेन, टेल. ‘ए-वाय’ बहुधा शेवटी: डे, प्ले, ट्रे. तिसरी जोडी ‘ए-ई’, मधे एक अक्षर घेऊन फुटलेली: केक, गेट, नेम. शेवटचा ‘ई’ स्वतः गप्प, पण त्याच्यामुळे ‘मॅट’चं ‘मेट’ होतं, ‘हॉप’चं ‘होप’, ‘किट’चं ‘काइट’. हा ‘ई’ एके काळी उच्चारला जायचा आणि ‘नेम’ हा शब्द आपल्या ‘नाम’च्या जवळ ऐकू यायचा. पुढे स्वर सरकले, लिहिणं मात्र बरंचसं जुनंच राहिलं.

ज्यांची आईची भाषाच इंग्रजी, त्या मुलांनाही इथे हे इतकं उलगडून सांगतात. 2012पासून पहिल्या इयत्तेच्या शेवटी 40 शब्द वाचून घेतात, त्यातले निम्मे अर्थहीन, म्हणजे पाठांतर चालत नाही. याचा अतिरेकही होतो असं मला वाटतं. अर्थ नसलेले शब्द वाचण्यात गोष्टीची गोडी हरवू नये.

आपल्याकडे 2000 साली इंग्रजी पहिलीपासून आलं. 2025मध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय झाला आणि काही महिन्यांतच मागे घेतला गेला. भांडण कायम ‘कोणती भाषा, कितवीपासून’ याचं. माझा भाऊही विचारतो, पोराला इंग्रजी माध्यमात घालू का? मी सांगते, मराठी शाळेतच राहू दे. फक्त बाईंना विचार, ‘रेन’ कसा शिकवता?

बाराखडी घोकलेल्या मुलाचा कान तयार असतो. ‘कि’ आणि ‘की’ त्याला वेगळे ऐकू येतात, शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहायचा हेही तो शिकतो. जागेवरून लेखन ठरतं, ही कल्पना त्याला परकी नाही. एक अडचण मात्र सांभाळायला हवी. आपला दीर्घ म्हणजे तोच स्वर लांबवलेला. इंग्रजीत ‘आय’चा दीर्घ म्हणजे ‘आइ’. तिथे ‘दीर्घ’ न म्हणता ‘अक्षर आपलं नाव सांगतं’ म्हणावं. आणि इथल्या मुलाने ‘ट्रेन’ शंभरदा ऐकून मग वाचलेला असतो. आपल्या मुलांनाही शब्द आधी कानावर पडायला हवेत. नुसता फोनिक्सचा, म्हणजे अक्षरांचे आवाज जुळवून वाचायला शिकवणारा, क्लास लावून ते होणार नाही.

गेल्या रविवारी दुसरीतल्या भाच्याला व्हिडिओ कॉलवर ‘डे, प्ले, ट्रे’ दाखवले. त्याने वहीत लिहिले, मग पुस्तकात बोट ठेवून विचारलं, “आत्या, मग ‘दे’ म्हणजे ‘ते’, त्यात ई-वाय का? ए-वाय का नाही?”

“तो शब्द तसाच लक्षात ठेवायचा,” मी म्हटलं. त्याने त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल केला आणि म्हणाला, “असे अजून किती आहेत?”